निसर्गावरचं चित्रपुस्तक कसं करावं: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

लहान मुलांसाठी निसर्ग, वस्ती किंवा पर्यावरण या विषयांवर चित्रपुस्तक करायला बसलेली बहुतेक मंडळी एकाच वाटेने जातात. आधी संदेश ठरतो: पाणी वाचवा, झाडं लावा. मग त्यावर गोष्ट किंवा कविता लिहिली जाते. ती पक्की झाली की चित्रकाराकडे जाते आणि प्रत्येक परिच्छेदाला एक चित्र मागितलं जातं. पानं मोजायची वेळ त्यानंतर येते. तेव्हा मजकूर तरी कापावा लागतो, नाहीतर चित्रं कोंबावी लागतात. फुलपाखराला आठ पाय काढलेत हे कुणीतरी दाखवून देतं तोवर रंग वाळलेले असतात.

हा क्रमच बदलायला हवा. सुरुवात डोळ्यांनी पाहिलेल्या एका लहानशा गोष्टीपासून करायची. मग पानांची मांडणी, मग शब्द. माहितीची तपासणी रंगकामाच्या आधी. संदेश मात्र कुठल्याच टप्प्यावर वेगळा लिहायचा नाही; बाकीचं काम नीट झालं तर त्याची गरज पडत नाही.

पुढचे टप्पे ४ ते ७ वर्षांच्या मुलांच्या पुस्तकासाठी आहेत. सोबत एक नमुना शेवटपर्यंत घेऊ: वस्तीतला गळका सार्वजनिक नळ.

टप्पा १: विषय बोट दाखवता येईल इतका लहान करा

'पाणी' एवढ्या मोठ्या विषयाचं चित्र काढता येत नाही. 'जलसंवर्धन' तर मुळीच नाही. 'गळक्या नळाखालची ओली जागा' याचं चित्र काढता येतं, तिथे जाऊन बसता येतं, मुलाला हात धरून नेऊन दाखवता येते. पुस्तक एकाच जागेचं, एकाच जीवाचं किंवा एकाच घडामोडीचं असू द्या. जंगल, नदी, प्लास्टिक आणि तापमानवाढ एकाच पुस्तकात घेण्याचा मोह आवरा. मुलाला त्यातलं एकही नीट दिसणार नाही.

*तपासा:* विषय एका वाक्यात सांगा. त्यात 'महत्त्व', 'जागृती' किंवा 'संवर्धन' आलं, तर विषय अजून लहान करायचा आहे.

टप्पा २: लिहिण्याआधी जागेवर बसा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि पुस्तक वाचताना ते लगेच कळतं. हिरवं गवत, निळं आकाश, हसणारा सूर्य: बघून न काढलेलं चित्र सगळीकडे सारखंच दिसतं.

एकच जागा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी बघा. पहाटे, गर्दीच्या वेळी, दुपारी सामसूम असताना. उभ्याने बघू नका. चार-पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर असते, त्या उंचीवर डोळे आणून बघा. नळाची तोटी खालून कशी दिसते, बादलीची कड डोळ्यांसमोर कशी येते, हे तिथे बसल्याशिवाय सुचत नाही.

वहीत दोन रकाने करा. एकात जे दिसलं ते, दुसऱ्यात जे वाटलं ते. 'चिमणी तोटीवर उलटी लटकून थेंब पिते' हे दिसलं. 'चिमणीला नळ आवडतो' हे वाटलं. गोष्ट पहिल्या रकान्यातून काढायची.

बारीक तपशील इथेच सापडतात. गळक्या नळाला कुणीतरी चिंधी बांधलेली असते. ती बांधली की टपटप थांबते, पाणी चिंधीवरून गुपचूप खाली उतरतं आणि आवाजाने कुणाची झोप मोडत नाही. गळती मात्र तेवढीच राहते. ही एक चिंधी तुमच्या पुस्तकाला अख्खं जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, देऊ शकते.

माणसंही याच वहीत नोंदवा. पहिलं कोण येतं, कोण दुसऱ्याची बादली उचलून देतं, कोण जाता जाता तोटी आवळतं. वस्तीवरच्या पुस्तकात माणसं नुसती मागे उभी दिसतात, कारण त्यांना हातांनी करायचं काम दिलेलं नसतं. प्रत्येकाला एक काम द्या. मग त्याचा स्वभाव लिहावा लागत नाही.

फोटो घेताना शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे चित्रकाराला आकाराचा अंदाज येईल. माणसांचे फोटो विचारूनच घ्या, आणि कुणाचा चेहरा जसाच्या तसा पुस्तकात उतरवू नका.

टप्पा ३: दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर ठेवा

नुसत्या निरीक्षणांची यादी म्हणजे गोष्ट नव्हे. गोष्टीला ताण लागतो, आणि निसर्गाच्या पुस्तकात तो चांगला विरुद्ध वाईट असा नसला तर बरा. कचरा टाकणारा दुष्ट माणूस आणि त्याला सुधारणारी शहाणी मुलगी हा साचा मुलांना तोंडपाठ असतो. पहिल्या पानावर त्यांना शेवट कळतो.

नळाच्या गोष्टीत ताण असा आहे: पाणी वाया जातंय, नळ दुरुस्त व्हायला हवा. त्याच वेळी त्या गळतीवर शेवाळ जगतंय, मुंग्या येतात, चिमणी पाणी पिते. नळ नीट झाला तर चिमणीने काय करायचं? दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून मूल विचारात पडतं. वस्तीतली माणसंही या प्रश्नावर वेगवेगळं बोलू शकतात, आणि वस्तीचं खरं चित्र त्यातूनच उभं राहतं.

सावधान: एकट्या मुलाने सगळा प्रश्न सोडवला असं दाखवू नका. एका मुलीने एक रोप लावलं आणि नदी स्वच्छ झाली, हे मुलांना खोटं वाटतं. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. जळणारी पृथ्वी आणि मेलेले प्राणी दाखवून चार वर्षांच्या मुलाच्या पदरी भीती पडते, करण्यासारखं काहीच नाही. प्रश्न त्याच्या हाताच्या आवाक्यातला ठेवा आणि मोठ्यांचं काम मोठ्यांनाच करताना दाखवा.

टप्पा ४: पानांचं गणित

लिहिण्याआधी पानं ठरवा. मध्ये पिन मारून बांधायचं पुस्तक असेल तर पानांची संख्या ४ च्या पटीत लागते, कारण एक कागद मधोमध दुमडला की ४ पानं होतात. १८ पानांचं पुस्तक असं बांधता येत नाही. चित्रपुस्तकांत ३२ पानं रूढ आहेत: पान १ वर शीर्षक, २-३ वर श्रेयनामं आणि अर्पणपत्रिका, ४ ते ३१ मध्ये १४ जोडपानं आणि ३२ वर एक सुटं पान.

पहिल्या पुस्तकासाठी मी १६ पानंच सुचवेन, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ धरून. पान १ मुखपृष्ठ, पान १६ मलपृष्ठ, मध्ये २-३ पासून १४-१५ पर्यंत ७ जोडपानं. सात जोडपानांत बसत नाही ती गोष्ट बहुधा अजून पसरट असते.

टप्पा ५: डमी करा, आणि शब्दांशिवाय करा

चार कागद मधोमध दुमडून एकात एक घाला. १६ पानांची वही तयार होते. हीच डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. पानांना क्रमांक घाला आणि पेन्सिलने काड्या-गोळ्यांची चित्रं काढा. चित्रकला येत नसली तरी हे लेखकानेच करायचं आहे. ज्याने डमी केली नाही त्याला पान उलटण्याची ताकद कळत नाही, आणि चित्रपुस्तकाचा सगळा जोर तिथेच असतो.

उजव्या पानावर काहीतरी अर्धवट सुटलं पाहिजे: आवाज, सावली, नजरेची दिशा, प्रश्न. उत्तर पान उलटल्यावरच. प्रश्न आणि उत्तर एकाच जोडपानावर आले तर मुलाचा डोळा आधी उत्तराकडे जातो आणि पान उलटायचं कारण संपतं.

आपल्या नळाची डमी अशी होईल:

- २-३: पहाट. रिकामी जागा, नळ, एक थेंब सुटण्याच्या बेतात.
- ४-५: गर्दी. फक्त पाय, बादल्या, हात. चित्र मुलाच्या उंचीवरून.
- ६-७: गर्दी गेली. अगदी जवळून: शेवाळ, ओलीला वळसा घालून चाललेली मुंग्यांची रांग.
- ८-९: चिमणी तोटीला लटकलेली.
- १०-११: चिंधी बांधलेली. मोठी माणसं बोलताहेत, मूल वर बघतंय.
- १२-१३: नळ दुरुस्त. जमीन कोरडी. उजव्या पानावर चिमणी तोटीवर बसलेली, खाली वाकून बघणारी.
- १४-१५: पसरट वाडगा, पाणी, चिमणी.
- १६: मलपृष्ठ. सध्या रिकामं ठेवा.

१३ आणि १४ यांच्यामधली जागा बघा. चिमणी कोरड्या तोटीवर बसलेली असताना पान उलटतं, आणि त्या क्षणी मूल स्वतःच उपाय शोधत असतं. तिथे 'आता चिमणी काय करणार बरं?' असं वाक्य छापलंत तर ते काम तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलंत.

अंतरही बदलतं ठेवा. सगळी चित्रं एकाच अंतरावरून, सगळी माणसं कमरेपासून वर, अशी डमी झाली असेल तर निम्मी पानं पुन्हा काढा. दूर, मध्यम, अगदी जवळ, आणि एकदा तरी वरून किंवा खालून.

*तपासा:* डमी गोष्ट माहीत नसलेल्या माणसाच्या हातात द्या. काही सांगू नका. त्याला चित्रांवरूनच तीन-चतुर्थांश गोष्ट सांगता आली पाहिजे. जिथे अडला तिथे शब्द घालण्याआधी चित्र सुधारा.

टप्पा ६: आता शब्द, आणि चित्रात दिसतं ते सोडून

पहिला खर्डा बहुतेकांचा असा येतो:

'एक छोटीशी तपकिरी चिमणी भुर्रकन उडत आली, निळ्या नळावर बसली आणि चिमुकल्या चोचीने थंडगार पाण्याचा थेंब प्यायली.'

छोटीशी, तपकिरी, निळ्या, बसली, चोच: हे सगळं चित्रात आहेच. खोडून टाका. चित्रात दाखवता येत नाही ते उरू द्या, म्हणजे आवाज, वेळ आणि ताल:

'टप्. एक थेंब खाली.
टप्. एक थेंब चोचीत.'

या वयासाठी संपूर्ण पुस्तकाचा मजकूर ५०० शब्दांच्या आत ठेवा. १६ पानांना २०० सुद्धा पुष्कळ होतात. एखादं जोडपान पूर्ण निःशब्द ठेवायला घाबरू नका. कोरड्या नळाच्या पानावर शब्द नसले तर मूल जास्त वेळ थांबतं.

यमकाच्या नादी पहिल्या पुस्तकात लागू नये असं माझं ठाम मत आहे. यमक जुळवताना हकनाक 'पाणी'ला 'गाणी' जोडली जाते आणि चिमणी जे करत नाही ते करायला लागते. मोठ्याने वाचताना वाक्याला लय असली की पुरे. प्राणी बोलते करायचे का, हाही प्रश्न येतो. निरीक्षणावर उभ्या पुस्तकात मी त्यांना बोलू देत नाही. बोलतंच करायचं असेल तर किमान वागणं त्यांचं स्वतःचं ठेवा.

मूल स्वतः वाचणार असेल तर अवघड जोडाक्षरं कमी ठेवा. मोठं माणूस वाचून दाखवणार असेल तर हे बंधन सैल करता येतं. नवा, गोड शब्द कानावर पडू दे. कोण वाचणार हे आधी ठरवा, कारण दोन्हीचा मजकूर एकच होत नाही.

सावधान: शेवटच्या पानावर 'मुलांनो, आपणही...' अशी सुरुवात झाली असेल तर ते पान काढा. मोठ्यांना काही सांगायचंच असेल तर मलपृष्ठावर लहान अक्षरांत सांगा.

टप्पा ७: माहिती तपासा, रंग भरण्याआधी

या टप्प्याला घाई करू नका. मूल एकच पुस्तक शंभरदा बघतं. त्यातली चूक त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहते. पेन्सिलची चित्रं तयार झाली की प्रत्येक पानावरची प्रत्येक सजीव गोष्ट यादीत उतरवा आणि एकेक तपासा. जमल्यास त्या विषयाच्या अभ्यासकाला दाखवा. त्यांना फक्त मजकूर पाठवू नका, चित्रंही पाठवा. चुका चित्रांतच जास्त असतात.

वारंवार दिसणाऱ्या चुका:

- कीटकाला सहा पाय, आणि सहाही शरीराच्या मधल्या भागाला, म्हणजे वक्षाला जोडलेले. फुलपाखराचे चारही पंख तिथूनच निघतात. पोटाला पाय काढू नका. कोळी कीटक नाही: आठ पाय, शरीराचे दोन भाग.
- सुरवंटाचे खरे पाय पुढचे सहाच. मागे दिसतात ते मांसल, आखूड, वेगळ्या आकाराचे. सगळे एकसारखे काढले जातात.
- रेशमी कोष विणणं हे बहुतेक करून पतंगांचं काम. फुलपाखराचा कोश सहसा उघडा, कडक कवचाचा असतो.
- कामकरी मुंग्या आणि कामकरी मधमाश्या माद्या असतात. रक्त पिणारा डासही मादीच. 'मुंगीदादा डबा घेऊन कामाला निघाले' हे वाक्य इथे अडतं.
- झाड उंचीने वाढतं ते शेंड्यांकडून. बुंध्याची किंवा फांदीची जागा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहते. मूल आणि झाड एकत्र वाढताना दाखवायचे असतील तर खोडावर कोरलेली खूण वर सरकवू नका. मूल वाढेल, खूण तिथेच राहील. आणि हे चित्र चुकीच्या चित्रापेक्षा सुंदर होतं.
- गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होत नाहीत.
- बारीक चंद्रकोर मध्यरात्री माथ्यावर नसते. ती संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, आणि तिची फुगीर बाजू सूर्याकडे. कोरीच्या पोकळीत चांदणी काढू नका. तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो.
- इंद्रधनुष्य दिसतं तेव्हा सूर्य बघणाऱ्याच्या पाठीमागे असतो. सूर्य आणि इंद्रधनुष्य शेजारी-शेजारी येत नाहीत. मुख्य धनुष्यात तांबडा बाहेरच्या कडेला.
- ध्रुवीय अस्वल उत्तर ध्रुवाकडचं. पेंग्विनशी त्याची रानात गाठ पडत नाही.

शिवाय एकाच पानावरच्या गोष्टी एकाच प्रदेशातल्या, एकाच ऋतूतल्या आणि एकाच वेळच्या आहेत ना, हे बघा. सावल्या सगळ्या एकाच दिशेला पडायला हव्यात.

नळाच्या पुस्तकात या तपासणीने गोष्टच सुधारते. शेवाळाला फुलं काढली असतील तर पुसा: त्याला फुलं येत नाहीत, बिया होत नाहीत, ते बीजाणूंनी पसरतं. तोटी आवळून गळती थांबल्याचं दाखवलं असेल तर तेही बदला. नळ बहुधा आतलं वॉशर झिजल्याने गळतो. जोरात आवळलं तर ते आणखी झिजतं. वॉशर बदलण्याआधी मागचा मुख्य कॉक बंद करावा लागतो, म्हणून १२ व्या पानावर एक हात कॉकवर दिसला पाहिजे.

मोठी अडचण वाडग्याची आहे. साचलेल्या पाण्यात, उबदार हवेत, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. काही जातींची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, वाडगा घासावा लागतो. म्हणजे १४-१५ वर गोष्ट संपवता येत नाही. रिकाम्या ठेवलेल्या मलपृष्ठावर मूल वाडगा घासतंय असं चित्र घ्या. हे काम त्याच्या हातचं आहे, रोजचं आहे, आणि एकही शब्द न लिहिता कळतं.

सावधान: मुलं पुस्तकातलं करून बघतात. घरट्यातलं पिल्लू हातात घेणं, केसाळ सुरवंटाला बोट लावणं, अनोळखी आळिंबी तोडणं, बिळात हात घालणं, रानातल्या प्राण्याला खाऊ भरवणं हे कितीही गोंडस दिसलं तरी चित्रात नको. पाण्याजवळ एकटं मूलही नको. कडेला एक मोठं माणूस असू द्या.

टप्पा ८: मुलांना वाचून दाखवा

पेन्सिलचीच डमी चालते. तीन-चार मुलं, ओळखीची नसलेली बरी. प्रस्तावना करू नका, मध्ये समजावून सांगू नका, 'आवडलं का?' विचारू नका. त्या प्रश्नाला मुलं हो म्हणतातच.

एकाने वाचावं, दुसऱ्याने नोंदी घ्याव्यात: कुठल्या पानावर बोट गेलं, कुठे नजर खिडकीकडे वळली, कोणतं पान मागे उलटायला लावलं, कोणता शब्द पुन्हा म्हटला गेला. नंतर डमी मुलांच्या हातात द्या आणि त्यांना गोष्ट सांगू द्या. त्यांनी गाळलेलं पान तुम्हालाही गाळता येतं का बघा. त्यांनी जोडलेली गोष्ट बऱ्याचदा तुमच्यापेक्षा बरी असते.

एकाच मुलाच्या म्हणण्यावर पुस्तक बदलू नका. दोघं-तिघं एकाच जागी अडले तर बदलाच.

टप्पा ९: रंग, अक्षरं, छपाई

इथे थोडक्यात, कारण छपाईवाल्याशी आधीच बोललात तर बहुतेक चुका टळतात.

चित्र कापल्या जाणाऱ्या कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर वाढवून काढा. जोडपानाच्या मधोमध चेहरा, डोळा किंवा अक्षरं येऊ देऊ नका. बांधणीत ती दुमडतात. मूळ चित्र छपाईच्या आकाराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, भरलं पाहिजे. २० सेंटिमीटर रुंद पानाला साधारण २,३६२ पिक्सेल, वाढीव कड धरून त्याहून जास्त. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छपाईत मळका उतरतो आणि निसर्गाच्या पुस्तकात हिरवाच जास्त असतो, तेव्हा त्या रंगांची छापील चाचणी आधीच मागा.

मजकूर चित्रात रंगवू नका. फाइलमध्ये वेगळ्या थरावर, एकाच काळ्या शाईत ठेवा. अक्षरांखाली पानांची किंवा गवताची गुंतागुंत नको. अक्षर मोठं, ओळींमध्ये वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींना लागणार नाहीत एवढं अंतर, आणि ओळ अर्थाच्या जागी तोडलेली. पीडीएफ तयार झाल्यावर मुद्रितशोधन पुन्हा पहिल्या अक्षरापासून करा: फाइल बदलताना जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या सरकतात, आणि आधी तपासलंय म्हणून कुणी बघत नाही.

छापील नमुना प्रत हातात आली की ती डमीशेजारी ठेवून पानागणिक बघा. पानांचा क्रम बरोबर आहे का, १३ वरची चिमणी कडेला कापली गेली नाही ना, टप्पा ७ च्या यादीतल्या सगळ्या दुरुस्त्या रंगीत चित्रांत उतरल्या आहेत का. सापडलेल्या चुका त्याच प्रतीवर खुणा करून छपाईवाल्याला द्या, दुरुस्त नमुना पुन्हा मागा, आणि मगच छपाईला लेखी होकार द्या.